थांबा, पाच मिनिटे बसा!

"डॉक्टर, जरा लवकर बघा, दुकान उघडं टाकून आलोय," असे म्हणतच पन्नाशीचे एक किराणा दुकानदार आत शिरले. बाहेर नंबरावरून कुणाशी तरी त्यांचे वाजले होते. त्यांच्या घाईत मीही ओढला गेलो आणि तसाच रक्तदाब मोजला. वरचा आकडा १६० च्या पुढे! मग त्यांना म्हटले, "पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे बसा. बोलू नका." पुन्हा मोजला तेव्हा आकडा बराच खाली आला होता. मोजण्यापूर्वी रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवावे हा नियमच आहे. घाईत तो मीही विसरलो होतो.

त्यावर ते म्हणाले, "इथं तुम्ही बसवलंत. दुकानात ऐन वेळी थांबायचं सुचतं कुणाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. राग किंवा घाई झाली की शरीरात ॲड्रिनॅलिन हा स्राव वाढतो. नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. अंगावर बैल धावून आला तर याचा उपयोग आहे. गिऱ्हाइकाशी सुट्या पैशांवरून हुज्जत घालताना नाही. रागाच्या भडक्यानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता एरवीपेक्षा वाढते, असे अभ्यासांत आढळले आहे. म्हणूनच थांबण्याची सवय ही केवळ स्वभावाची नव्हे, तर आरोग्याची बाब आहे. ती कशी लावावी, याची उत्तम उदाहरणे मला दोन जुन्या परंपरांत सापडली.

पहिली परंपरा ज्यू धर्माची. या धर्माने थांबणे माणसाच्या मर्जीवर सोडले नाही. ते रोजच्या कृतींना बांधून टाकले. सकाळी जाग आल्यावर, भाकरी मोडण्यापूर्वी, फळ खाण्यापूर्वी ईश्वराचे आभार मानणारी छोटी प्रार्थना म्हणायची. शौचाहून आल्यावरही शरीराचे मार्ग नीट चालतात याबद्दल आभार मानायचे! ज्याची लघवी अडली आहे, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दिवसाकाठी असे १०० आशीर्वाद म्हणण्याची परंपरा आहे. घराच्या चौकटीवर 'मेझुझा' नावाची लहान डबी असते, तिच्यात चर्मपत्रावर धर्मवचने लिहिलेली असतात. येता-जाता तिला हात लावण्याची रीत आहे. उंबरा ओलांडताना पाऊल क्षणभर थबकते.

आणि आठवड्याचा मोठा थांबा म्हणजे शब्बाथ. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी सुरू होऊन शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत काम बंद. आपल्या कोकणातील बेने इस्राएल मंडळी तेलाचा घाणा चालवीत, पण शनिवारी तो बंद ठेवीत. म्हणूनच गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. मात्र कुणाचा जीव धोक्यात असेल, तर त्याला वाचवण्यासाठी शब्बाथ मोडण्यास धर्माचीच आज्ञा आहे. म्हणजे हा थांबा आळसाचा नव्हे.

दुसरी परंपरा स्टोइक तत्त्वज्ञांची. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास ती अथेन्समध्ये सुरू झाली. एपिक्टेटस हा एके काळचा गुलाम. तो शिकवी की, आपल्याला त्रास देते ती घटना नव्हे, तिच्याविषयीचे आपले मत. घटना आणि मत यांच्यामध्ये थांबून विचार करता येतो. सेनेकाने क्रोधावर ग्रंथच लिहिला. विलंब हे त्याच्या मते रागावरील मोठे औषध. अथेनोडोरस या स्टोइक गुरूने रोमचा सम्राट ऑगस्टस याला दिलेला सल्ला प्लुटार्कने नोंदवला आहे. राग आला की, २४ मुळाक्षरे मनात म्हणून होईपर्यंत काही बोलायचे नाही, काही करायचे नाही! विसाव्या शतकात अल्बर्ट एलिस आणि एरन बेक यांनी विचार बदलून मन सुधारण्याची उपचारपद्धती उभारली, तेव्हा या जुन्या विचारवंतांचे ऋण मान्य केले.

या दोन्हींतून घेण्यासारखी गोष्ट एकच. 'आठवले की थांबेन' असे म्हटले तर आठवत नाही. थांबण्याची जागा आधी ठरवून ठेवावी लागते. पुढील गोष्टी करून पाहा:

१) दिवसातली दोन-तीन ठिकाणे ठरवा: घराचा उंबरा, जेवणाचे ताट, फोन उचलण्यापूर्वीचा क्षण. तिथे एक श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते.

२) राग आला की मनात 'क' ते 'ज्ञ' म्हणा, मगच बोला.

३) रात्री अंथरुणावर दिवसाचा हिशेब घ्या, सेनेका घेत असे तसा. चूक दिसली तर स्वतःला शिव्या देऊ नका, उद्याचे ठरवा.

४) आठवड्यातून काही तास कामाला कुलूप लावा.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. हे रक्तदाबाच्या गोळीला पर्याय नाही. गोळी स्वतःहून बंद करू नये. छातीत दुखणे, दरदरून घाम, दम लागणे असे काही झाले, तर श्वास मोजत न बसता तडक रुग्णालय गाठावे.

दुकानदारांनी आपली जागा ठरवली ती गल्ल्याची. गल्ला ओढण्यापूर्वी एक श्वास. महिन्याने ते तपासणीला आले, तेव्हा गोळ्या चालूच होत्या आणि दुकानही मागे उघडेच होते. पण मी काही सांगण्याआधी ते खुर्चीत पाठ टेकून बसले आणि म्हणाले, "पाच मिनिटं होऊ द्या, मग मोजा."