कागदी कपात फक्त कागदच असतो का?

टपरीवरचा चहा असो की वाढदिवसाचा केक, प्लास्टिक नको म्हणून आपण कागदी कप-प्लेट वापरतो. पण नुसता कागद गरम चहात काही वेळातच भिजून मऊ पडेल. कप टिकतो, कारण त्याला आतून बहुतेक वेळा पॉलिथिनचा पातळ थर दिलेला असतो. वापरलेला कप रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी फाडून पाहा. कागदाचा लगदा होतो, पापुद्रा हातात राहतो.

धोका कधी?
उष्णतेने हा थर झिजतो. ८५ ते ९० अंश सेल्सिअसचे १०० मिलिलिटर पाणी अशा कपात १५ मिनिटे ठेवल्यास प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण त्यात उतरतात, असे आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना २०२० मध्ये आढळले.

कचऱ्याचे काय?
कागद आणि प्लास्टिक घट्ट चिकटलेले, त्यात खरकटे. त्यामुळे हा कचरा ना रद्दीत जातो, ना त्याचे नीट खत होते. म्हणूनच राज्य सरकारने जुलै २०२२ मध्ये प्लास्टिकचा थर असलेल्या कागदी कप-प्लेटवरही बंदी घातली.

मग वापरायचे काय?
- चहाला काचेचा किंवा स्टीलचा ग्लास.
- वडापाव वर्तमानपत्रात नको. शाईतील रसायने तेलकट पदार्थात उतरतात. एफएसएसएआयचीही त्याला मनाई आहे.
- पंगतीला पानांची पत्रावळ. मात्र घेताना उलटून पाहा, मागे प्लास्टिक चिकटवलेले नाही ना!