स्टीम डेकवर ‘एल्डन रिंग’ अडखळतो? नवीन मशीन घेण्याआधी एवढं करून बघा

सुट्टी लागली की अनेक घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. “अब्बू, हे मशीन स्लो झालंय, गेम अटकतो, नवीन घेऊन द्या ना!” मुलांची तक्रार खोटी नसते, गेम खरंच अडखळत असतो. पण बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नसतं. सेटिंग चुकलेलं असतं आणि ते दुरुस्त करायला एक रुपयाही लागत नाही.

उदाहरण म्हणून आम्ही व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक हा हातातला कन्सोल आणि त्यावर खूप खेळला जाणारा ‘एल्डन रिंग’ हा ॲक्शन गेम घेतला आहे. दोन्ही फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आले. आपल्याकडे हा कन्सोल बहुधा परदेशातल्या नातेवाइकांकडून किंवा आयात करणाऱ्या दुकानदाराकडून येतो. त्यामुळे वॉरंटीसाठी परत पाठवणं सोपं नसतं. म्हणून आहे तेच नीट चालवणं आणि जपणं महत्त्वाचं.

गेम अडखळतो कशामुळे?

गेम म्हणजे एकामागून एक येणारी चित्रं, त्यांना फ्रेम म्हणतात. स्टीम डेकच्या पहिल्या, एलसीडी मॉडेलचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. एल्डन रिंग जड गेम आहे. मोकळ्या मैदानात, गवत-झाडांच्या गर्दीत डेकला ६० फ्रेम झेपत नाहीत. कधी ४८ येतात, कधी ३७. मग काही चित्रं पडद्यावर एकदा दिसतात, काही दोनदा. डोळ्याला जो झटका जाणवतो तो याचा. म्हणजे आकडा कमी असल्याचा त्रास कमी आणि आकडा सारखा बदलत असल्याचा जास्त.

म्हणून पहिला नियम असा: जास्त फ्रेमच्या मागे लागू नका, स्थिर फ्रेम मिळवा.

४० चा हिशेब

सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं. ६० असतील तर १६.७. या दोन्हींच्या बरोबर मध्ये २५ येतं आणि २५ मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला ४० फ्रेम. ४० हा आकडा ३० च्या जवळचा वाटतो, पण वेळेच्या हिशेबात तो अगदी अर्ध्या वाटेवर आहे. एल्डन रिंगमध्ये शत्रूचा वार येताना नेमक्या क्षणी लोळून चुकवायचं असतं, तिथे हा फरक बोटांना लगेच कळतो.

हे असं करा:

१. गेम चालू असताना उजव्या बाजूचं तीन ठिपक्यांचं बटण दाबा आणि बॅटरीचं चित्र असलेल्या भागात जा.

२. ‘यूज पर-गेम प्रोफाइल’ चालू करा. म्हणजे हे सेटिंग फक्त या गेमला लागेल. भाऊ-बहिणी एकच कन्सोल वापरत असतील तर बाकीच्या गेमचं काही बदलणार नाही.

३. ‘फ्रेम लिमिट’ची पट्टी ४० वर आणा. नव्या स्टीमओएसमध्ये पडद्याचा रिफ्रेश रेट त्यासोबत आपोआप जुळतो. जुन्यात रिफ्रेश रेटची वेगळी पट्टीही ४० वर आणावी लागते.

४. ‘परफॉर्मन्स ओव्हरले’ १ वर ठेवा. कोपऱ्यात फ्रेमचा आकडा दिसेल. १५-२० मिनिटं खेळून बघा. आकडा वारंवार ४० च्या खाली जात असेल तर आधी खालची सेटिंग करा. तरीही नाहीच जमलं तर सरळ ३० वर आणा. डळमळत्या ४० पेक्षा पक्के ३० बरे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ओएलईडी मॉडेलचा पडदा ९० हर्ट्झचा आहे. तिथे ४० ची मर्यादा लावली तर पडदा ८० वर चालतो आणि प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दाखवतो.

गेमच्या आत काय बदलायचं?

ग्राफिक्स ‘मीडियम’वर ठेवा आणि तिथून पुढे एकेक बदला. मोशन ब्लर आणि डेप्थ ऑफ फील्ड बंद करा, लहान पडद्यावर त्यांची उणीव भासत नाही. गवत आणि सावल्या ‘लो’वर आणा. २०२३ च्या अपडेटमध्ये आलेलं रे ट्रेसिंग बंदच असू द्या, ते या मशीनचं काम नाही. रिझोल्यूशन मात्र पडद्याचं आहे तेच, १२८० बाय ८०० ठेवा. त्याखाली गेलात तर अक्षरं धूसर होतात आणि लहान मुलं पडदा डोळ्यांजवळ आणून खेळायला लागतात.

गेम सुरू होताना शेडर तयार होत असल्याची सूचना आली तर घाईने ‘स्किप’ दाबू नका. ते काम आधी झालं नाही तर खेळताना मध्येच करावं लागतं आणि त्या क्षणी गेम अडतो.

उष्णता: आपल्याकडचा खरा प्रश्न

व्हॉल्व्हने २०२२ च्या उन्हाळ्यात जाहीर सांगितलं होतं की ० ते ३५ अंश तापमानात डेक उत्तम चालतो. आतली चिप १०० अंशांना पोहोचली की स्वतःचा वेग कमी करते आणि १०५ ला मशीन बंद होतं. आता मे महिन्यातलं मालेगाव, अकोला किंवा नागपूर डोळ्यांसमोर आणा, पारा ४० च्या पुढे! दुपारी पत्र्याखालच्या खोलीत गेम स्लो झाला तर त्यात नवल नाही.

डेक मागच्या बाजूने हवा आत घेतो आणि वरून गरम हवा बाहेर टाकतो. त्यामुळे गादीवर, उशीवर किंवा रजईत ठेवून खेळू नये. पंख्याखाली बसा, उन्हातल्या गाडीत ठेवून जाऊ नका. फ्रेम ४० वर बांधल्या की चिपचं काम घटतं आणि मशीन थंड राहतं.

बॅटरी आणि चार्जर

एलसीडी मॉडेलची बॅटरी ४० वॅट-अवरची आहे, ओएलईडीची ५० ची. मशीन एकूण २० वॅट ओढत असेल तर पहिली २ तास चालेल, दुसरी अडीच तास. तेच १६ वॅटवर आणलं तर अडीच आणि तीन तासांच्या वर. लाइट गेलेली असताना किंवा गावी जाताना ट्रेनमध्ये एवढा अर्धा तास कामाचा असतो. चार्जर सोबत आलेला ४५ वॅटचाच वापरा. मोबाईलच्या साध्या चार्जरवर खेळत बसलं तर चार्जिंग चालू असूनही बॅटरी उतरत जाते.

दोन गोष्टी घरच्यांसाठी

एल्डन रिंगमध्ये ‘पॉज’ची सोय नाही. अम्मीने जेवायला हाक मारली किंवा अजान झाली तरी मुलं “एक मिनिट, एक मिनिट” करतात त्यामागचं एक कारण हे आहे. उपाय सोपा: वरचं पॉवर बटण एकदा दाबायचं. मशीन झोपतं आणि परत दाबलं की गेम जिथे होता तिथून सुरू होतो. फक्त त्या वेळी ऑनलाइन खेळत असाल तर जोडणी तुटते, म्हणून गेम ऑफलाइन ठेवलेला बरा.

दुसरं, या गेममध्ये रक्तपात आहे. युरोपात त्याला १६ आणि अमेरिकेत १७ वर्षांपुढचं मानांकन आहे. हे सेटिंग घरातल्या मोठ्या मुलासाठी करून द्या, पण छोट्याच्या हातात तोच गेम जात नाही ना, याकडेही लक्ष असू द्या.

एवढं करूनही गेम अडखळत असेल तर दुरुस्तीवाल्याकडून पंखा आणि धूळ तपासून घ्या. नव्या मशीनसाठी पैसे काढायचा विचार त्यानंतर.