खो, खांब आणि शाळेचा दाखला

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर खांडबारा हे गाव आहे. अशा गावातल्या शाळेत खो-खो रुजायला फार काही लागत नाही. सपाट मैदान, आखणीला चुना आणि दोन लाकडी खांब पुरतात. बाकी सगळी तयारी मुलींच्या डोक्यात आणि पायांत असते. म्हणूनच एखादी चांगली खेळाडू दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेली, की संघाचं नेमकं काय जातं हे समजून घ्यायला हवं.

खो-खोतलं आक्रमण म्हणजे नुसतं धावणं नव्हे. आठ जणी मधल्या पाटीवरच्या चौकांत एकीआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात, नववी पाठलागावर असते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा सोडता येत नाही. पळणारी मात्र दोघींच्या मधून सटकन पलीकडे जाते. ती गेली, की पलीकडे तोंड करून बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावून ‘खो’ द्यायचा. तो जरा लवकर दिला तर पळणारी जागेवरूनच परत फिरते; उशिरा दिला तर ती दोन चौक पुढे निघून गेलेली असते.

त्यामुळे कसलेला संघ पळणारीला हळूहळू खांबाकडे रेटत नेतो. ती खांबाला वळसा घालू लागली, की पाठलाग करणारी एका हाताने खांब धरून सगळं अंग झोकून देते. टाळ्या त्या सुराला मिळतात. पण तिथवर पळणारीला आणलेलं असतं आधीच्या चार-पाच अचूक ‘खों’नी, आणि ते देणाऱ्या मुलींना एकमेकींचा वेग वर्षानुवर्षांच्या सरावाने पाठ झालेला असतो.

खेळासाठी शाळा बदलण्याचं मराठी घरांत सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण सचिन तेंडुलकरचं. प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांच्या सल्ल्याने तो वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात आला आणि शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला. 1988 मध्ये हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेत त्याने विनोद कांबळीबरोबर 664 धावांची अखंड भागीदारी केली. ती बदली प्रशिक्षणासाठी होती, आणि अशी बदली योग्यच. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतलाही गावाबाहेरच्या प्रशिक्षणाची गरज होती. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने 10,000 मीटरचं कांस्यपदक जिंकलं.

धावपटू आपला वेग सोबत घेऊन जाते. खो-खोत मात्र शाळा सोडणाऱ्या मुलीच्या शेजारी बसणाऱ्या दोघींचीही घडी विस्कटते. नव्या शाळेतही ती पहिल्या दिवशी परकीच असते, कारण तिथल्या ‘खो’ची लय तिला माहीत नसते. स्पर्धेच्या तोंडावर चांगली खेळाडू आणून बसवणाऱ्या शाळेला फायदा कमी आणि मुलीला त्रास जास्त होतो.

वसतिगृह, चांगला मार्गदर्शक, दहावी-बारावीचे क्रीडा गुण, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण: आदिवासी भागातल्या कुटुंबाला ही कारणं पटतात आणि पटायलाच हवीत. मुलीने जावं, पण शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला जावं. मागे राहिलेल्या शाळेनेही 17 वर्षांखालच्या संघाच्या सरावात 14 वर्षांखालच्या मुलींना रोज पाटीवर बसवावं. मग जूनमध्ये एक चौक रिकामा झाला, तर तिथे बसणारी मुलगी शेजारणीचा ‘खो’ आधीपासून ओळखत असेल.