राजाबाई मनोऱ्याखालचे ग्रंथालय

मुंबईत ओव्हल मैदानासमोर एक उंच मनोरा दिसतो. त्यावर मोठे घड्याळ आहे. हाच राजाबाई मनोरा. त्याची उंची 280 फूट आहे. येणारेजाणारे मान वर करून घड्याळ पाहतात. पण त्याखाली मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

या इमारतीचा नकाशा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये तयार केला. ते भारतात कधीच आले नाहीत. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव मिळाले. 1869 साली सुरू झालेले बांधकाम 1878 साली पूर्ण झाले.

सव्वाशे वर्षांहून अधिक काळ या इमारतीने ऊन, पाऊस आणि समुद्राचा खारा वारा सोसला. खिडक्यांच्या रंगीत काचा मळल्या. विद्यापीठाच्या संग्रहात अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितेही आहेत. छपरातून पाणी झिरपले, तर अशा ठेव्याचे काय होईल?

मग जुनी इमारत पाडावी का? की नुसता रंग लावावा? दोन्ही मार्ग चुकीचेच. जुन्या दगडी भिंतीला सिमेंट लावले, तर आतला ओलावा कोंडतो आणि दगड झिजतो. म्हणून जाणकार चुना वापरतात. रंगीत काचांचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात. कारागीर प्रत्येक तुकड्याची जागा लिहून ठेवतात, तो हलक्या हाताने पुसतात, कमजोर पट्ट्या बदलतात आणि तुकडा पुन्हा जागच्या जागी बसवतात. एक तुकडा हरवला, तरी चित्र अपुरे राहते.

2013 ते 2015 या काळात या इमारतीची अशीच काळजीपूर्वक दुरुस्ती झाली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने त्यासाठी पैसा दिला. 2018 साली युनेस्कोने या कामाचा गौरव केला.

आज वाचनालयाच्या उंच लाकडी छताखाली रंगीत उजेड पडतो. अंधाऱ्या, ओलसर खोलीत कोणाला बसावेसे वाटेल? स्वच्छ उजेड आणि शांत जागा मिळाली, की वाचक आपोआप येतो. आपल्या शाळेच्या ग्रंथालयातही एक खिडकी असेल. तिची काच आपण पुसली आहे का?

शब्दार्थ : हस्तलिखित – हाताने लिहिलेला ग्रंथ, ओलावा – दमटपणा, ठेवा – जपून ठेवलेली मौल्यवान वस्तू.