कोसळलेल्या यंत्राची स्मृती

संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीला कर्नल, म्हणजे गाभा, असे म्हणतात. पुढे चालणेच धोक्याचे ठरावे अशी चूक आढळली की कर्नल सर्व व्यवहार थांबवितो. त्या क्षणी स्मृतीत काय होते, यावरून चुकीचे मूळ शोधता येते. परंतु यंत्र नेहमीच्या रीतीने पुन्हा सुरू केले की हा पुरावा नष्ट होतो. म्हणून स्मृतीची नक्कल तत्पूर्वीच उतरवून घ्यावी लागते. तिला अजूनही 'कोअर डंप' म्हणतात. एके काळी स्मृती चुंबकीय कड्यांची असे आणि त्या कड्यांना 'कोअर' म्हणत. कड्या गेल्या, नाव उरले.

पण जो स्वतःच बिघडला आहे त्याच्याकडे हे काम सोपवावे कसे? भ्रमिष्ट कारकुनाने दप्तर लिहावयास बसावे, तसा तो चांगली माहितीही नासवून टाकावयाचा! लिनक्स प्रणालीत यावरचा 'केडंप' हा तोडगा 2005 साली, 2.6.13 या आवृत्तीत आला. स्मृतीचा एक भाग प्रारंभीच राखून तेथे दुसरा कर्नल तयार ठेवतात. पहिला कोसळताच सूत्रे थेट दुसऱ्याकडे जातात आणि तो उरलेली स्मृती एखाद्या फाइलीप्रमाणे वाचून तबकडीवर किंवा दुसऱ्या यंत्राकडे उतरवितो.

इतकी तजवीज असूनही नकलेची जागा रिकामी आढळते. पुष्कळदा दुसरा कर्नल राखीव जागेत आणलेलाच नसतो. राखीव भाग वाढविल्यावर यंत्र पुन्हा सुरू करावे लागते, याचाही विसर पडतो. कधी तो जागा होतो, पण राखीव भाग अपुरा पडून मध्येच गुदमरतो. यंत्राला जोडलेल्या उपकरणांचे चालक, म्हणजे ड्रायव्हर, याच तुटपुंज्या जागेत मावावे लागतात. ज्या तबकडीवर लिहावयाचे तिचाच चालक सोबत नसेल, तर सारेच व्यर्थ. तबकडीवर जागा नसल्यास रिकामी पाने गाळून उरलेली दाबून लिहिण्याची सोय आहे.

सर्वांत फसवे कारण मात्र यंत्राच्या बाहेर असते. अनेक यंत्रे एकमेकांवर लक्ष ठेवून काम करतात, तेथे एक गप्प झाले की त्याची सोबती यंत्रे ते मेले असे समजून त्याची वीज तोडतात. त्या वेळी ते नक्कल उतरविण्यात गढलेले असते! अशा ठिकाणी 'नक्कल चालू आहे, थांबा' हा निरोप सोबत्यांना पोहोचेल अशी व्यवस्था करावी लागते.

दोष शोधण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे, कामाची वेळ टाळून, यंत्र मुद्दाम कोसळविणे. तशी आज्ञा लिनक्समध्ये आहे. यंत्राची अखेरची वाक्ये दुसऱ्या यंत्रावर तारेने उमटत ठेवली, तर दुसरा कर्नल कोठे अडला ते वाचता येते. कर्नलची आवृत्ती किंवा एखादे उपकरण बदलल्यावर ही रंगीत तालीम पुन्हा करावी. हाती आलेली नक्कल उलगडण्यासाठी त्याच कर्नलची, अगदी त्याच घडणीची, खुणांसहित प्रत लागते. ती आधीच जपून ठेवलेली बरी. शिवाय नकलेत लोकांचे परवलीचे शब्दही असू शकतात, तेव्हा ती कोणाच्याही हाती देऊ नये.