लाइन आली का? घरबसल्या कळावे म्हणून

वाशीम जिल्ह्यातील रब्बीच्या ओलिताची रात्र आम्हाला ठाऊक आहे. शेतपंपाला रात्रीची पाळी असली की विहिरीवर जायचे ते सालदाराने. अंधार, चिखल, विंचूकाटा; आणि तिथवर गेल्यावर कळते, लाइनच नाही!

आपल्या आजोबांची अशीच पायपीट पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी पाहिली होती. त्यातून 'नॅनो गणेश' हे यंत्र घडले. ते मोटारीच्या स्टार्टरला जोडतात. मोबाइलवरून फोन लावला की लाइन आहे का ते कळते, मोटार चालू-बंद करता येते. २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले.

आज इंटरनेटला जोडणारा छोटा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. पण पहिला नमुना थेट मोटारीवर लावायचा नसतो. आधी टेबलावर, मोटारीच्या जागी बॅटरीचा दिवा लावून तो तपासायचा. नेटवर्क तुटले तर? विहिरीत पाणी नसले तर? आणि मालकाने घरून बटण दाबले तेव्हा सालदार विहिरीत उतरलेला असला तर? म्हणून विहिरीवरचा खटका बंद असताना फोनवरून मोटार सुरू होताच कामा नये.

हा शेवटचा प्रश्न ज्याचा बाप विहिरीत उतरतो, त्याच मुलाला आधी सुचेल. केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांना असे नमुने करता येतात. आपल्या शाळेत ती आहे का, विचारा. मुलाला पाठवा, मुलीलाही पाठवा.