कोसळलेल्या संगणकाचा पंचनामा

यावलसारख्या तालुक्याच्या गावीं आज सातबाऱ्याचा उतारा संगणकावर मिळतो. असें दप्तर सांभाळणारें दूरचें यंत्र अकस्मात् बंद पडलें, तर तें पुन्हां सुरू करणें फारसें अवघड नसतें. परंतु तें कां कोसळलें हें न कळल्यास तोच प्रसंग पुन्हां ओढवतो.

संगणकाच्या सर्व कारभारावर देखरेख करणाऱ्या मूळ कार्यक्रमास 'कर्नल' म्हणतात. लिनक्स प्रणालीचा कर्नल कोसळला असतां त्याचा पंचनामा करणारी 'केडंप' ही योजना इ. स. २००५ मध्यें त्या प्रणालींत समाविष्ट झाली. एरिक बीडरमन यांच्यासह विवेक गोयल व हरिप्रसाद नेल्लितीर्थ हे भारतीय अभियंते तिच्या कर्त्यांत होते. आगाऊ राखून ठेवलेल्या थोड्याशा स्मृतींत दुसरा कर्नल जागा होतो आणि पहिल्याच्या स्मृतीची नक्कल उतरवून घेतो.

ही नक्कल म्हणजे केवळ आंकड्यांची रास. 'क्रॅश' नांवाचें साधन ती वाचतें. पण त्यास कर्नलचा नकाशा लागतो. कोणत्या पत्त्यावर कोणतें काम चालतें, हें त्या नकाशांतच लिहिलेलें असतें. शेत एका गावचें आणि नकाशा शेजारच्या गावचा असला, तर मोजणीदार कितीही निष्णात असो, बांध जुळावयाचे नाहींत. 'क्रॅश' अडून बसतें, तें बहुधा याच कारणानें. आवृत्तीचा क्रमांक तोच असूनही कर्नल पुन्हां घडविला गेला असल्यास पत्ते बदलूं शकतात. म्हणून नकाशा नेमक्या त्याच घडणीचा हवा.

आणखी दोन कारणें संभवतात. सुरक्षिततेसाठीं कर्नल दर वेळीं निराळ्या जागीं बसविण्याची सोय इ. स. २०१४ मध्यें आली. जागेंतील हा फरक पंचनाम्यांत नोंदला जातो. परंतु फार जुन्या 'क्रॅश'ला तो उमगत नाहीं. शिवाय डिस्कवर जागा न उरल्यामुळें नक्कलच अर्धवट उतरलेली असूं शकते.

दोष कोठें आहे हें पाहण्याची एक सोपी युक्ति आहे. कोसळलेल्या कर्नलच्याच घडणीचा कर्नल दुसऱ्या यंत्रावर चालू असल्यास, तेथें तोच नकाशा देऊन 'क्रॅश' चालवावें. तें नीट उघडलें, तर उणीव बहुधा नकलेंत आहे. तेथेंही अडखळलें, तर नक्कल निरुपयोगी ठरवून टाकून देऊं नये. नवें साधन व योग्य नकाशा हातीं येईपर्यंत ती जपावी. नकाशा दुसरा आणतां येतो, कोसळण्याचा तो क्षण मात्र पुन्हां मागून मिळत नाहीं.